टाकीच्या झाकणातली राळ

मालवणात मेकॅनिक म्हणावा असा एकच माणूस आहे आणि तो रोज सकाळी दाढी करताना आपल्याला आरशात दिसतो, याबद्दल गुरुदास मेस्तच्या मनात कधीच शंका नव्हती. बाकीच्यांसाठी त्याच्याकडे एकच शब्द होता: नारळ सोलणारे. शोरूममधले गणवेशातले पोरगे नारळ सोलणारे. कुडाळच्या गॅरेजात काचेच्या खोलीत बसून बिलं छापणारा साहेब नारळ सोलणारा. आणि मुंबईहून आलेला एखादा पाहुणा बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून आत नुसता बघत उभा राहिला, तर गुरुदास त्याला सोलायला नारळसुद्धा द्यायला तयार नसे.

त्याचं गॅरेज कुंभारमाठचा चढ लागायच्या आधी, रस्त्याच्या कडेला होतं. कार्बोरेटर हा त्याचा प्राण. इंजिन चालू ठेवायचं, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कार्बोरेटरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकत राहायचं, ही त्याची पद्धत. मग तो एखादा स्क्रू किंचित फिरवी आणि धापा टाकणारी गाडी शहाण्यासारखी चालू लागे. हे त्याला खरोखर येत होतं, आणि सगळा घोटाळा तिथेच होता. एक गोष्ट चांगली येते म्हटल्यावर बाकीच्याही येतातच, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

नव्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो. त्यामुळे गॅरेजात गाड्या कमी आणि गप्पा मारायला बसणारे जास्त, असं होऊन बरीच वर्षं झाली होती. यात आपलं काही चुकतंय असं गुरुदासला वाटलं नाही. नव्या गाड्या म्हणजे चाकं लावलेले मोबाइल, आणि त्या विकत घेणारे महामूर्ख, एवढं बोलून तो मोकळा होई.

अशा माणसाच्या पोटी संचिता जन्मली. ती पुण्याला इंजिनिअर झाली, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागली, आणि यंदा शिमग्याला म्हणून आली ती परत गेलीच नाही. बरोबर लॅपटॉप होता, वायरींचं एक भलंमोठं भेंडोळं होतं आणि डोक्यात खूळ होतं. जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर काढून तिथे इंजेक्शन बसवायचं, म्हणजे पेट्रोल किती द्यायचं हे कंप्युटर ठरवणार. गोव्यात आणि कोल्हापुरात जुन्या गाड्या बाळगणारे हौशी लोक पुष्कळ आहेत, ते इथे येतील, आणि हे काम बापाच्या गॅरेजात करता येईल, असा तिचा हिशेब होता. कंपनीने बिनपगारी सुट्टी दिली होती, पण पाऊस सुरू व्हायच्या आत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असंही कळवलं होतं.

बापाने तिचं सगळं ऐकून घेतलं, सुपारीचं खांड गालात सरकवलं आणि निकाल दिला.

"इंजेक्शन म्हशीक देतत. गाडयेक कार्बोरेटर आसता."

आता यातली खरी गंमत अशी, की पोरगी घरी राहावी असं त्याला फार वाटत होतं. ती आल्यापासून तो रात्री दोन घास जास्त जेवायचा. पण तिचं यंत्र मात्र चालू नये, तोंडावर आपटावं, असंही त्याला तितकंच मनापासून वाटत होतं. यंत्र चाललं नाही तर पोरगी पुण्याला जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गुरुदासने तेवढा विचार केला नव्हता.

पहिला प्रयोग घरच्याच फियाटवर करायचं ठरलं. ही फियाट गुरुदासच्या उमेदीतली, पिस्त्याच्या रंगाची, आणि समुद्रकाठच्या गाडीच्या मानाने नवलाची ठणठणीत. संचिताने टाकी खाली उतरवून आत बॅटरीचा उजेड टाकला, तर आत गंजाचा ठिपका नाही. तिने मान डोलावली आणि गुरुदास फुगला. ही त्याची खास विद्या होती आणि किनाऱ्यावरच्या कित्येक गाड्यांवर त्याने ती चालवली होती. त्याचा बाप होड्या बांधायचा. फळ्यांच्या सांध्यांत तेलात कढवलेली राळ भरायची, म्हणजे पाणी आत येत नाही, हे गुरुदासने लहानपणापासून बघितलेलं. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. त्या भोकातून खारा वारा आत शिरतो आणि टाकी खातो, असा शोध त्याने लावला होता. म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी तो ते भोक राळेने बुजवी आणि वरून काळा रंग लावी. शोध लागल्याचं त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. विद्या अशी वाटत फिरायची नसते.

"खारो वारो आत गेलोच नाय, तर गंज खंयसून येतलो?" एवढंच तो म्हणाला, आणि संचिताला वाटलं बाबा गाडी घरात ठेवतात, धुतात, पुसतात, त्याबद्दल बोलतायत.

मग दोन-तीन आठवडे गॅरेजात एकाची कामं आणि दुसऱ्याचे टोमणे चालले. तिने कार्बोरेटर उतरवला. गुरुदासने तो फडक्यात गुंडाळून, मेलेल्या माणसाचे दागिने ठेवावेत तसा कपाटात ठेवला. तिने टाकीत विजेचा पंप बसवला. सायलेन्सरच्या पाइपाला भोक पाडून तिथे धूर तपासणारा सेन्सर बसवला. त्याला गुरुदास 'नाक' म्हणू लागला, आणि गप्पांना बसलेल्यांना सांगू लागला की माझ्या लेकीने गाडीच्या ढुंगणाला नाक लावलंय. डॅशबोर्डवर तिने एक टॅब अडकवला. इंजिन किती तापलं, हवेत पेट्रोल किती मिसळतंय, आणि पंपातून पेट्रोल किती दाबाने येतंय, हे सगळं त्यावर आकड्यांत दिसे. दाबाचा आकडा तीनच्या आसपास राहिला पाहिजे, घसरला तर इंजिन उपाशी, हे तिने बापाला दोनदा समजावून सांगितलं. ज्याला कान आहेत त्याला आकडे कशाला हवेत, असं तो दोन्ही वेळा म्हणाला.

ती रोज फियाट घेऊन तारकर्लीपर्यंत जाई, आकडे बघे, परत येऊन लॅपटॉपवर काहीतरी बदले. चढावर पेट्रोल जरा वाढव, उताराला कमी कर. हळूहळू फियाट अशी चालू लागली की गुरुदासला ती अंगणात आलेली कळेना. एकदा तो मागे उभा राहून इंजिनाचा आवाज ऐकत होता. त्यात खोड काढायला जागाच नव्हती. मग त्याने गाडीत पेट्रोलचा वास येतो अशी खोड काढली. वास खरंच येत होता. टाकीच्या झाकणाचं रबर पार कुजून गेलं होतं. संचिताने नवं रबर आणून बसवलं आणि वास गेला.

हे रबर बसवलं ते अगदी शेवटी, सावंतवाडीच्या फेरीच्या आदल्या दिवशी, कारण त्या फेरीत हसन सोलकर गाडीत बसणार होता.

हसनचा बंदरावर बर्फाचा कारखाना. माणूस सरळ, बोलायला कमी. त्याच्या वडिलांची अँबेसेडर त्याच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी होती. म्हाताऱ्याचं मूळ घर विजयदुर्गला, खाडीच्या कडेला, आणि आपल्या गाडीतून तिथे जायचं, एवढीच त्याची चैन. ती गाडी मध्येच वाटेत बंद पडू लागली. थोडा वेळ थांबलं की चालू होई, पुन्हा काही मैलांवर बंद. गुरुदासने तिचा पंप बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला, कान लावून ऐकलं, आणि शेवटी हात झटकले. इंजिन म्हातारं झालं, आता ही गाडी समुद्रात टाका आणि वर मासे बसवा, असं तो हसनच्या वडिलांच्या तोंडावर म्हणाला होता. त्यावर सगळे हसले होते. त्यानंतर म्हातारा शुक्रवारी नमाज झाली की शेडमध्ये जायचा, गाडीत बसायचा, दार लावून घ्यायचा, आणि थोड्या वेळाने उतरून घरी जायचा. वारला तो भाड्याच्या जीपमधून विजयदुर्गहून परत आल्यावर, त्याच आठवड्यात.

हसनला ती अँबेसेडर पुन्हा रस्त्यावर आणायची होती. सावंतवाडीला तळ्याच्या काठी जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता. तुझी फियाट तुझ्या यंत्रावर मला मालवणहून तिथपर्यंत नीट घेऊन गेली, तर माझी गाडी तुझ्याकडे, आणि पणजीत माझे दोन दोस्त आहेत, त्यांच्याही गाड्या तुझ्याकडे, असं त्याने संचिताला सांगितलं. एवढं काम हातात आलं की पुण्याला नकार कळवायचा, हे तिने आईला सांगितलं होतं. आईने ते बापाला सांगितलं. बापाने, बघू कुठवर जाते, म्हणून पेपर उघडला.

निघायच्या दिवशी अंगणात गाऱ्हाणं झालं. शेजारच्या आबांनी नारळ हातात घेतला आणि देवाला मालवणपासून सावंतवाडीपर्यंतची सगळी वळणं ऐकवली. लेकराने नवीन विद्या केली आहे, ती वाटेत अडू देऊ नको, यंत्राला कोणाची नजर लागली असेल तर ती काढून टाक, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. हसनही हात बांधून उभा होता. आबांचं संपतंय तोच सुभद्राने, म्हणजे गुरुदासच्या बायकोने, पदर सावरत आपली एक भर घातली.

"आनी सावंतवाडी येयसर ह्येंच्या तोंडाक टाळो लाव रे म्हाराजा."

सगळ्यांत मोठ्याने 'व्हय म्हाराजा' झालं ते याला. गुरुदास तोंड कडू करून मागच्या सीटवर जाऊन बसला. संचिता चालवत होती आणि हसन तिच्या शेजारी होता.

कुंभारमाठचा चढ फियाट गुणगुणत चढली. चौके गेलं. टॅबवरचा दाबाचा आकडा तीनवर ठाण मांडून होता. हसनने समाधानाने काच खाली केली. मागच्या सीटवर गुरुदासला अस्वस्थ वाटू लागलं. कट्ट्याच्या पुढे मात्र गाडीने एक आचका दिला. आकडा घसरला, आणखी घसरला, इंजिन दोनदा खोकलं आणि एका काजूच्या बागेच्या कुंपणाशी फियाट गप्प झाली.

गुरुदासला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याला खाली उतरावं लागलं. संचिताने बॉनेट उघडलं, वायरी चाचपल्या, फिल्टर बघितला. तेवढ्यात गुरुदास गाडीच्या मागे गेला आणि हसनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, की नारळ सोलणारे पेट्रोल घालायला विसरतात, आधी ते बघावं. त्याने टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून आवाज आला. उन्हाने वाफ धरली असेल, असं म्हणून त्याने आत डोकावलं. पेट्रोल भरपूर होतं. त्याने झाकण लावलं, आणि संचिताने चावी फिरवली तर गाडी चालू. एखादी वायर ढिली असणार, असं ती म्हणाली. पण तिच्या आवाजात दम नव्हता.

पुढचा सगळा रस्ता गुरुदासचं तोंड चाललं. कार्बोरेटर कधी असा दगा देत नाही. ज्या यंत्राला विजेची सवय, ते घर सोडून सासरवाडीला राहणाऱ्या माणसासारखं, त्याचा भरवसा नाही. माझ्या कपाटात कार्बोरेटर आहे, आत्ता परत फिरलो तर दुपारपर्यंत बसवून देतो. संचिता एकदा रस्त्याकडे आणि एकदा टॅबकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. कसालचा बाजार गेला, हायवे लागला, आणि कुडाळ यायच्या आधी तोच आचका, तोच खोकला. या वेळी आजूबाजूला कुंपणसुद्धा नव्हतं. बाजूने ट्रक जात होते आणि फियाट प्रत्येकाच्या वाऱ्याने हलत होती.

संचिता उतरली नाही. तिने इंजिन बंद असतानाच पंप चालू ठेवला आणि टॅबकडे बघत बसली. पंप घूं घूं करत होता, आकडा मात्र वर येईना. तिचे डोळे भरले होते. ते हसनने बघितलं आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. गुरुदासनेही आरशात ते बघितलं. काहीतरी करायचं म्हणून तो उतरला, मागे गेला आणि सवयीने झाकण फिरवलं. सुस्स.

"इलो!" आतून संचिता ओरडली. "आकडो वर इलो!"

गुरुदास झाकण हातात धरून उभा राहिला. त्याने ते परत लावलं. पंप चालूच होता. थोड्या वेळाने त्याने झाकण पुन्हा किंचित सैल केलं, कान जवळ नेला, आणि हवा ऐकली. ती बाहेर येत नव्हती. आत जात होती. टाकी श्वास घेत होती, बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखी.

त्याला सगळं एकदम कळलं. पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यायला हवी. तेवढ्यासाठी तर ते भोक. ते बुजवलं की पंप पोकळीशी झोंबतो आणि हरतो. इतकी वर्षं फियाट चालली, कारण कुजलेल्या रबराच्या फटीतून ती चोरून श्वास घेत होती. काल नवं रबर बसलं आणि तिचा गळा पुरता आवळला. होडीला बंद ठेवायचं असतं. पेट्रोलच्या टाकीला नसतं. होडीवाल्याच्या पोराने गाडीची होडी केली होती.

आणि या सगळ्याच्या मागोमाग, त्याला नको असताना, हसनच्या वडिलांची अँबेसेडर आठवली. तिच्या झाकणाला त्याने राळ भरली होती, आणि माणूस भला म्हणून नवं रबरही स्वतःच्या हाताने बसवून दिलं होतं. त्यानंतरच ती बंद पडू लागली होती.

आता खरा मेकॅनिक असता तर त्याने दोष तिथल्या तिथे सांगून टाकला असता. गुरुदासने झाकण घट्ट केलं नाही. अर्धा आटा सैल ठेवलं, हात पँटला पुसले आणि मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसला. सुभद्राचं गाऱ्हाणं देवाने ऐकलं म्हणायचं. कुडाळ गेलं, झाराप गेलं, फियाट पाण्यासारखी चालली, आकडा तीनवरून हलला नाही, आणि गुरुदासच्या तोंडातून एक शब्द बाहेर पडला नाही. हसनने एकदा मागे वळून त्याला बरं वाटत नाही का, म्हणून विचारलं.

सावंतवाडीच्या तळ्याकाठी जत्रा भरली होती. हॅट घातलेले, गॉगल लावलेले मालक आपापल्या गाड्यांना मऊ फडक्याने कुरवाळत उभे होते. निम्म्या गाड्या ट्रकवर चढवून आणलेल्या होत्या. एका गाडीच्या इंजिनावर गुलाबाची फुलं ठेवली होती. एरवी गुरुदासने या सगळ्यांची एकेक करून सालं काढली असती. आज तो फियाटच्या मागच्या चाकाजवळ उभा राहिला, टाकीच्या बाजूला पाठ करून.

हसन खूश होता. वाटेत दोनदा थांबलो ते काही मोठं नाही, नव्या कामात तेवढं चालायचंच, असं तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "सापडलो मा गो दोष?"

एखादी दुसरी असती तर हो म्हणाली असती. वायर होती चाचा, आवळली. कोण बघायला जाणार होतं?

"नाय सापडलो, चाचा," संचिता म्हणाली. "आपसूक गेलो. जो आपसूक गेलो तो आपसूक येतलो. माका कळाक नाय तवसर मी तुमच्या गाडयेक हात लावचंय नाय."

हसनने तिला समजावून बघितलं. ती ऐकेना. विजयदुर्गच्या वाटेवर तुमची गाडी अशीच अडली, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं ती म्हणाली. कंपनीला येते म्हणून कळवते, असंही म्हणाली आणि तिने खरोखरच फोन बाहेर काढला. हा ताठा तिने कुठून उचलला होता, हे गुरुदासला चांगलं माहीत होतं. फरक एवढाच की तिचा ताठा खरा होता.

आपण गप्प बसावं, पोरीला जाऊ द्यावं, आपली अब्रू राखावी, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. तेवढा वेळ तो तळ्याच्या पाण्याकडे बघत होता. मग त्याने पाठ फिरवली, झाकण काढलं, खिशातला चाकू उघडला आणि वरचा काळा रंग खरवडला. खालून पिवळी राळ दिसू लागली.

"दोष हयसर आसा," तो म्हणाला. "ह्या भोक मी बुजवलंय. राळीन. दर वर्सा बुजवतंय."

संचिताने झाकण हातात घेतलं. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने राळेवरून नख फिरवलं, डोळे मिटले, आणि बापावर चिडण्याआधी स्वतःवर चिडली. रबर बदलताना हे झाकण तिच्याच हातात होतं, आणि भोक कुठे आहे हे तिने बघितलं नव्हतं. पंप तपासला, वायरी तपासल्या, टॅबवरचे आकडे पाठ केले, आणि झाकण तेवढं बघितलं नाही.

हसनला मात्र वेळ लागला. तो झाकणाकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरत गेलं.

"आमच्या अँबेसेडरचा झाकाण?"

"तेचा पण," गुरुदास म्हणाला. "मीच."

मागे कोणीतरी जुना भोंगा वाजवून दाखवत होतं आणि लोक टाळ्या पिटत होते. हसनचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"अब्बा मरेपर्यंत तिच्यात नुसते बसान उतरले, गुरुदास. तू सगळ्यांसमोर हसलंस तेंका."

हसन काठापर्यंत चालत गेला, थोडा वेळ तिथे उभा राहिला आणि परत आला. गुरुदासकडे न बघता तो संचिताला म्हणाला, की दोष सापडला तेव्हा गाडी तुझ्याकडे, बोललो ते बोललो. भोक मोकळं करून गाडी तशीच चालेल हे कळतंय, पण मला ती अशी करून दे की परत कोणाच्या कानावर अवलंबून राहायला नको.

"फक्त ह्येका तिच्या लागी उभो करू नको," तो म्हणाला.

हे गुरुदासच्या गॅरेजाबद्दल, गुरुदासच्या समोर, त्याच्या पोरीला सांगितलं जात होतं. त्याने मान खाली घातली.

"चाचा, पयला झाकाण बाबाच उघडतले," संचिता म्हणाली. "मगे तुमी सांगशात तसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हसनच्या शेडमध्ये गेले. अँबेसेडर धुळीखाली होती. चालकाच्या शेजारची सीट माणसाच्या आकाराने खोल गेली होती, आणि तिच्यावर वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला होता, तो कोणी हलवला नव्हता. हसन दारात उभा राहिला, आत आला नाही.

गुरुदासने सुई नेली होती. आधी त्याने झाकण फिरवलं. सुस्स होईल म्हणून तो वाट बघत राहिला. काही झालं नाही. इतक्या वर्षांनी टाकीत ओढून घ्यायला दम उरला नव्हता. मग त्याने झाकणातली दगडासारखी झालेली राळ सुईने उकरून उकरून काढली, आणि भोकातून आरपार उजेड दिसू लागला. संचिताने बॅटरीचा उजेड आत टाकला आणि बापालाही दिसावं म्हणून बाजूला झाली.

आत सगळा गंज होता. तळाला तांबडा चिखल, बाजूंना पापुद्रे, आणि उजेड फिरवला तर एका कोपऱ्यात पलीकडची धूळ दिसत होती, तिथे पत्रा खाऊन भोक पडलं होतं. कोंडलेल्या ओल्या हवेने टाकी आतून खाल्ली होती. फियाटची टाकी स्वच्छ राहिली होती ती राळेने नव्हे, तर रबर कुजून तिला वारा लागत होता म्हणून. किनाऱ्यावरच्या आणखी किती गाड्यांना आपण असं कोंडून ठेवलंय, हे गुरुदासने मनात आठवायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

तो जमिनीवर उकिडवा बसला. 

"म्हण मा गो," तो म्हणाला. "म्हण, नारळ सोलणारो."

संचिता गाडीखाली वाकून टाकीचे बोल्ट कुठे आहेत ते बघत होती. तिने मान वर केली नाही.

"नारळ सोलूक पण येवक होया, बाबा."

दारात उभा असलेला हसन एवढा वेळ बाहेर बघत होता, तो पहिल्यांदा आत वळला. संचिताने गाडीखालून हात बाहेर काढला आणि बापापुढे पाना धरला. गुरुदासने तो घेतला, आणि ती सांगेल तो बोल्ट सोडवायला गाडीखाली सरकला.